स्लर्म क्लस्टर लोकांना उघडून देण्याआधी

स्लर्म म्हणजे अनेक मशीनच्या क्लस्टरवर लोकांची कामं, म्हणजे जॉब, वाटून देणारं सॉफ्टवेअर. आधी घड्याळं बघा, बाकीचं नंतर. कंट्रोलर (जॉब वाटणारा मुख्य प्रोग्रॅम) आणि नोडवरचा, म्हणजे काम करणाऱ्या प्रत्येक मशीनवरचा, स्लर्मडी एकमेकांना मंज या ओळख पटवणाऱ्या सेवेच्या ओळखपत्रावर ओळखतात आणि ते मुळात, म्हणजे सेटिंग बदललं नसेल तर, 300 सेकंदच चालतं. घड्याळ मागेपुढे झालं की धडधाकट नोड डाउन दिसतो आणि माणूस दिवसभर नेटवर्कला शिव्या घालतो. म्हणून घड्याळं जुळवणारा क्रोनी चालू हवा, मंजची किल्ली आणि स्लर्म.कॉन्फ ही सेटिंगची फाइल सगळीकडे एकच हवी, 6817 आणि 6818 पोर्ट मोकळे हवेत. एवढं अर्ध्या तासात होतं.

खरा वेळ प्रोसेसच्या हिशोबाला द्या. प्रॉक्ट्रॅक-टाइपला (जॉबच्या प्रोसेस कशा ओळखायच्या ते सेटिंग) पीजीआयडी ठेवलं असेल, तर स्लर्म फक्त प्रोसेस ग्रुप बघतो. सेटसिड करून, म्हणजे स्वतःचा नवा ग्रुप काढून, वेगळी झालेली प्रोसेस त्याच्या हातून निसटते. जॉब संपला म्हणून नोंद होते, पण ती प्रोसेस कोअर खात बसते आणि पुढच्याचा जॉब उगाच रेंगाळतो. सीग्रुप (लिनक्सची प्रोसेस गटात बांधायची सोय) लावा, तिनं सुरू केलेली पोरंनातवंडं धरून सगळी एकाच दावणीला राहतात. लावलंय म्हणून सोडू नका. जॉबमधून सेटसिडनं लांबलचक स्लीप सोडा, जॉब संपू द्या आणि नोडवर पीएस मारून चालू प्रोसेसची यादी बघा. स्लीप दिसली, तर उघडायचा दिवस पुढे ढकला.

चालत्या जॉबखाली स्लर्मडी रीस्टार्ट करून बघा. जॉब टिकला पाहिजे, कारण त्याच्यावर लक्ष ठेवणारा स्लर्मस्टेपडी वेगळा असतो. जॉब मेलाच, तर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा) स्लर्मडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये किलमोड 'प्रोसेस' आहे का ते तपासा.

मग एका नोडची मॅनेजमेंटची, म्हणजे ज्यावरून स्लर्म नोडशी बोलतो ती, केबल उपटा. नोड गप्प झाला की सिन्फोमध्ये (नोडची स्थिती दाखवणारी कमांड) स्थितीपुढे तारा येतो, मुळातल्या 300 सेकंदांनंतर नोड डाउन, आणि बॅच जॉब पुन्हा रांगेत. पण स्टोरेज इन्फिनिबँड या वेगळ्या, वेगवान नेटवर्कवर असेल, तर जुनी प्रोसेस तिकडे जिवंतच असते आणि नव्या प्रतीसोबत त्याच फाइलवर लिहीत राहते. वापरणाऱ्यांना हे आधीच सांगा. ज्यांचा जॉब दोनदा चालून चालत नाही त्यांनी नो-रीक्यू (पुन्हा रांगेत घालू नको) हा पर्याय लावावा. केबल परत जोडल्यावर नोड आपोआप कामाला लागतो की तुमची वाट बघतो, हे रिटर्न-टू-सर्व्हिस या सेटिंगवर ठरतं.

शेवटी, एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेली फाइलप्रणाली) अडकून 'डी' स्थितीत, म्हणजे न मोडता येणाऱ्या वाट बघण्यात, गेलेली प्रोसेस. किल -9 लासुद्धा ती दाद देत नाही, मुळातल्या 60 सेकंदांनी स्लर्म नोड ड्रेन करतो, म्हणजे त्याला नवे जॉब देणं थांबवतो. अशा नोडला नुसतं रिझ्यूम देऊन पुन्हा कामाला लावू नका, आधी एनएफएसचं माउंट (जोडणी) बघा.