पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली बाइक: ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि बाकीचं काय काय बदलायचं

थंड देशांत बर्फ पडायला लागला की लोक बाइक झाकून ठेवतात आणि हिवाळा संपला की बाहेर काढतात, आपल्या गोव्यात तेच जून ते सप्टेंबर, फक्त बर्फाच्या जागी पाऊस. आमची जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट मिरगाला पडवीत जाते ती चवथ झाल्यावरच बाहेर येते आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अरे किलोमीटर तर वाढलेच नाहीत मग ऑइल कशाला बदलतोस? तर बाबा, किलोमीटर वाढले नाहीत म्हणूनच. पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या) गाड्या भर पावसात दिवसभर पळतात, इंजिन नीट तापतं, आत शिरलेला दमटपणा वाफ होऊन निघून जातो. आपली गाडी उभीच. त्यात दर रविवारी "दोन मिनिटं चालू करून ठेव रे" म्हणणारे काका घरोघरी असतात. हे तर सगळ्यात वाईट, कारण दोन मिनिटांत इंजिन धड तापत नाही, उलट जळलेल्या पेट्रोलचं पाणी आतच धरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं.

किक मारायच्या आधी पेट्रोल बघा. टाकी अर्धी ठेवली असेल तर वरच्या मोकळ्या जागेत पाणी सुटतं, शिवाय हल्लीच्या ई२० (म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि ते जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीखाली कॉक (पेट्रोलचा नळ) असेल तर पाइप काढून थोडं पेट्रोल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा, खाली वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला तर टाकी रिकामी करायची. फेणीच्या बाटलीत घेऊ नका, का ते सांगायला नको. कार्ब्युरेटर असेल तर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं जुनं पेट्रोलही काढा, आणि हे सगळं उघड्यावर, बिडी-सिगरेट लांब ठेवून.

आता इंजिन ऑइल. आधी साइट ग्लास (इंजिनच्या बाजूची ऑइल दिसायची काच) किंवा डिपस्टिक बघा, ऑइल दुधाळ, चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसलं तर इंजिन चालू न करता तसंच काढा. अंगणात पाणी चढून इंजिनपर्यंत आलं असेल तर किकसुद्धा मारू नका, सरळ मेकॅनिक. बाकी ठीक असेल तर तीन-चार मिनिटं चालू करून बंद करा, कोमट ऑइल पातळ होऊन गाळ घेऊन येतं. खाली जुनं तसराळं, ड्रेन बोल्ट सैल केला की शेवटचे दोन आटे हाताने, आणि हात बाजूला. गाडी सरळ उभी करून पंधरा मिनिटं ठिबकू द्या, घाई कसली. फिल्टर बदला, वॉशर नवा टाका, आणि जुन्या फिल्टरची ओ-रिंग आत चिकटून राहिली नाही ना ते बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइल गळतंच. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका. मी एकदा पैलवानी केली, अल्युमिनियमचे आटे गेले आणि लेथवाल्याकडे जावं लागलं.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, आमच्या बुलेटला १५डब्ल्यू५०, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघूनच घ्या. कारचं उरलेलं ऑइल बाइकला घालू नका, बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. लिक्विड कूल्ड (कूलंटने इंजिन थंड करणाऱ्या) गाडीत नवीन ऑइलही आठवड्यात परत दुधाळ झालं तर ते पावसाचं पाणी नाही, कूलंट आत येतंय.

ब्रेक फ्लुइडकडे कोणी बघतच नाही आणि खरा जीव तिथेच अडकलेला. हे फ्लुइड हवेतला दमटपणा ओढतं आणि आपल्याकडे पावसात कपाटातली चप्पलसुद्धा बुरसटते. नवीन डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. चोर्ला घाट उतरताना सारखा ब्रेक लावला की आत बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच, काळ्या चहासारखं दिसलं तर त्याआधी. टाकीवर ओला फडका घाला कारण थेंब पडला तर रंग उचलतो. चाकाजवळ ब्रेकवर असलेल्या निप्पलला (फ्लुइड सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, लिव्हर दाबून धरा, निप्पल सोडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा, हाच क्रम. नळीत स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत वरची डबी भरत राहा, ती रिकामी झाली की हवा शिरली आणि सगळं पहिल्यापासून. एबीएसमध्ये हवा गेली तर वर्कशॉपच. झाकणावर डॉट ४ लिहिलंय तर डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, मिसळत नाही.

कूलंटवाली गाडी असेल तर इंजिन थंड असतानाच कॅप उघडा. तयार मिळणारं कूलंट घाला नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी नको. सांडलेलं लगेच धुवा, ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री चाटतात. फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपमधलं) दरवर्षी बदलावं लागत नाही, सीलजवळ ओलं दिसलं तरच. बॅटरी पाण्याची असेल तर डिस्टिल्ड पाणी वरच्या खुणेपर्यंत, झालं.

जुनं ऑइल गटारात किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका, डब्यात भरून वर्कशॉपवाल्याला द्या. मग आधी अंगणातच ब्रेक दाबून बघा, नंतर पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर कुठल्या बोल्टच्या खाली आहे ते बघूनच गाडी हलवा.