आईच्या वर्षदिनाची मिस्सा: आधी पेटी, मग वही, मग बाकीचं

आयुष्यभर चर्चमध्ये पेटी (हार्मोनियम) वाजवलेल्या, कॉयर (गायकवृंद) बसवलेल्या आईचा पहिला वर्षदिन सांगली-मिरजेत करायचा असेल, तर सहा आठवडे हाताशी ठेवा. फुलं दोन दिवसांत मिळतात, पेटी दोन दिवसांत सुरात येत नाही.

आधी फादरांना भेटून तारीख पक्की करा. राखेच्या बुधवारी आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात वर्षदिनाची खास मृतांसाठीची मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) होत नाही; रविवारी आणि मोठ्या सणांच्या दिवशीही नाही. तारीख उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आली, तर ‘आलेलुया’ गात नाहीत आणि वाद्य फक्त गाण्याच्या साथीला असतं. जुलै-ऑगस्ट असेल तर कृष्णेवर लक्ष हवं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. बाहेरगावच्या पाहुण्यांना दुसरी तारीखही सांगून ठेवा, आणि तिच्या वह्या-कॅसेटी आधी माळ्यावर चढवा.

पेटी तीन आठवडे आधी उघडा. सगळे खटके (पुढच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा आणि थांबा. आतला भाता लगेच बसला, तर हवा निसटतेय. घडीचं चामडं फाटलेलं असतं किंवा त्याला कसर लागलेली असते. मग सतत एकच सूर धरणारे खटके सोडून बाकीचे उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. सूर आपोआप वाजला, तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाही. दाबूनही सूर गप्प राहिला, तर बहुधा रीडमध्ये (सूर काढणाऱ्या धातूच्या पातीत) कचरा अडकलाय. तेल सोडू नका, टाचणीनं खरवडू नका, रीड बेसूर होतं. दुरुस्तीला देताना ‘सगळे सूर नव्यानं लावा’ असं सांगू नका. बिघडलेलेच दाखवा, म्हणजे पेटीचा तिचा आवाज राहील. कॉयरचा कीबोर्ड बरोबर वाजणार असेल, तर दोन्हींवर एकच सूर धरून ऐका. जुनी पेटी थोडी चढी-उतरी असते आणि दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये तो पेटीला जुळवून घ्या, पेटी कीबोर्डाला नको. घरात तिचा तंबोरा असेल तर नव्या तारा आठवडाभर आधी चढवा. त्या ताणत राहतात, रोज लावाव्या लागतात.

तिच्या वहीचे फोटो दिवसाच्या उजेडात, पान न पान, काढा. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. गाण्याच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं बारीक अक्षर नीट वाचा: ‘काळी २’ (म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सा), ‘तिसरं कडवं सोडा’, ‘इथे श्वास’. सराव याच खुणांवर करा. गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा ते, मात्र जमलेल्यांच्या गळ्याला झेपेल अशी धरा. गाण्याचा सर्वांत वरचा सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे गेला, की मागच्या बाकांवरचे पुरुष गप्प होतात.

गाणी पाच: प्रवेशगीत, प्रतिसाद स्तोत्र, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाचं (पवित्र भाकर घेताना म्हणायचं) गीत, समारोप. ख्रिस्तप्रसादासाठी एक जादा ठेवा. शंभर माणसांची एकच रांग आठ-दहा मिनिटं चालते. तिची कॅसेट मिस्सेत लावू नका, तिथं गाणं जिवंत गळ्यातूनच यायला हवं. कॅसेट नंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी लावा. त्याआधी ती एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या आणि आतला छोटा स्पंज जागेवर आहे का ते पाहा. तो गळला असेल तर आवाज दबका येतो.

पहिलं वाचन शलमोनाच्या ज्ञानाच्या पुस्तकातलं (३:१-९) घेणार असाल, तर ते चर्चच्या वाचनग्रंथातून उतरवून घ्या. मिरजेत अनेक नातलग प्रोटेस्टंट असतात आणि त्यांच्या घरच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसतं; वाचणारा ऐनवेळी पानं चाळत राहतो. ख्रिस्तप्रसाद कोणी घ्यायचा, हे फादरांनी आधी प्रेमानं सांगावं, म्हणजे शेजारी-विद्यार्थी अवघडत नाहीत. आईविषयी ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर एकानंच बोलावं, एक पान, तीन मिनिटं. रडू आलं तर पुढचं वाचायला दुसरा माणूस त्याच पानाची प्रत घेऊन शेजारी उभा हवा.

कबर दोन दिवस आधी साध्या पाण्यानं धुवा. संगमरवराला अ‍ॅसिड लावलं, तर दगड खातो आणि नावाची अक्षरं पुसट होतात. मेणबत्त्या काचेच्या ग्लासात ठेवा.

पेटी चर्चला द्यायची असेल, तर ती वाजवणारं माणूस आधी ठरवा आणि वहीची झेरॉक्स त्याच दिवशी त्याच्या हातात द्या.