तालुक्याच्या दवाखान्यात जनुकीय तपासणी: कुणाची, कधी आणि कशी

जनुकीय तपासणी म्हटली की नव्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची मोठी लॅब आणि हजारोंचं बिल उभं राहतं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात प्रॅक्टिस करते. धडगाव-तोरणमाळच्या डोंगरांतून उतरणारे पावरा आणि भिल्ल आदिवासी, तापीकाठचे शेतकरी, बाजारपेठेतले सिंधी व्यापारी असे सगळे माझ्याकडे येतात. या तपासणीचा विषय इथे जवळपास रोज निघतो. बहुतेक वेळा डीएनए न तपासताही प्रश्न सुटतो. जेव्हा सुटत नाही तेव्हा मात्र डीएनएला पर्याय नसतो. हा फरक ओळखायचा कसा, ते खानदेशात नव्याने दवाखाना टाकणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घराण्याचा वंशवृक्ष काढून करा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा, वारलेलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. तीन पिढ्या काढा, आणि मामाकडची माणसं आवर्जून विचारा, कारण ती हमखास गळतात. नवरा-बायको नात्यातले आहेत का, हेही तिथेच टिपा. "घरात कुणाला सिकल सेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे का?" असं विचारलं की "नाही" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी कुणाचं लहान मूल दगावलं का, कुणाची पानथरी वाढली होती का, थंडीत किंवा पावसात भिजल्यावर हाडं ठणकतात का, डोळे सारखे पिवळे होतात का, कुणाला रक्त चढवावं लागलं का, हे एकेक करून विचारा. अहिराणी बोलणाऱ्याला "तुना भाऊले बी असंच दुखस का?" म्हटलं की माणूस मोकळा होतो. पावरा आजीशी बोलताना मी आशाताईंना शेजारी बसवते. दहा मिनिटं जातात, पण या कागदाशिवाय पुढचा कुठलाही रिपोर्ट नीट वाचता येत नाही.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: रिपोर्ट आल्यावर मी वेगळं काय करणार आहे? उत्तर नसेल तर नळी भरू नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त काम सिकल सेलचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. त्यात एक अक्षर बदलतं, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा आजार फक्त आदिवासींचा, हा समज मनातून काढून टाका, इतर समाजांतही तो आढळतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी मोफत होते. पेशंटला आधी तिकडेच पाठवा, खासगी लॅबमध्ये नको.

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. यावरून वाहक (जनुकाची एकच प्रत बदललेला, स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि हिमोग्लोबिन फार कमी असलेल्यांत ती फसवते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, करा. लक्षणं बोलत असतील तर निगेटिव्ह आलेल्याचीही करा.

एचपीएलसीचा कागद स्वतः वाचायला शिका, खालच्या एका ओळीच्या निष्कर्षावर थांबू नका. त्यावरची अक्षरं म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार: ए नेहमीचं, एस सिकलचं, एफ गर्भातल्या बाळाचं. वाहकात ए आणि एस दोन्ही दिसतात आणि ए जास्त असतं. एस साधारण ३० ते ४० टक्के. त्याहून बरंच कमी असेल तर सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) असण्याची शक्यता धरा. रुग्णात ए नसतंच, एस आणि एफ असतं. आपल्या भागातल्या रुग्णांत एफ बऱ्यापैकी जास्त सापडतं आणि त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो, पण सौम्य म्हणून औषध टाळू नका. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर कागदावरचं ए दात्याचं असू शकतं. ही चौकशी सुई टोचण्याआधी करायची.

आता डीएनए तपासणीची खरी गरज कुठे, ते सांगते. मुलाच्या एचपीएलसीत फक्त एस आणि एफ आहे, आईचा रिपोर्ट सिकल वाहकाचा आहे, आणि वडिलांत एस अजिबात नाही. अशा वेळी लोक कुजबुजायला लागतात. तुम्ही वडिलांचं ए-टू (थोड्या प्रमाणात असणारा हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) बघा. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर वडील बीटा थॅलेसेमियाचे (बीटा साखळी कमी बनण्याच्या दोषाचे) वाहक आहेत आणि मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया आहे. लोहाची कमतरता असेल तर ए-टू थोडं खाली उतरतं, म्हणून काठावरचा आकडा आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासा. इथे जनुकाची तपासणी निदान पक्कं करते आणि घरातली शांतताही टिकवते. सतत रक्त चढवावं लागणारं मूल आणि वाहक जोडप्याचं गर्भारपण या आणखी दोन जागा.

दोघंही वाहक असतील तर शब्दांवर भागवू नका, टेबलावर दोन नाणी ठेवा. एक नवऱ्याचं, एक बायकोचं, छापा म्हणजे सिकलचं जनुक. दोघांना उडवायला लावा, पुनःपुन्हा. दोन्ही छापे पडले तर मूल रुग्ण, एक पडला तर वाहक, एकही नाही तर निरोगी. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील" हा गैरसमज नाणी उडवताना आपोआप जातो. दर खेपेला पंचवीस टक्के, मागचं काही मोजलं जात नाही. आणि दोष दोघांकडून सारखाच येतो, हे सासूच्या देखत सांगा. बाईला माहेरी पाठवून देण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, म्हणून हे वाक्य मी कधी गाळत नाही.

अशा जोडप्याला पाळी चुकल्याबरोबर यायला सांगा, पाचव्या महिन्यात नाही. गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १५ आठवड्यांनंतर. आई-वडिलांचे डीएनए रिपोर्ट आधीच तयार असले तर वेळ वाचतो. १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा अशा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला परवानगी देतो, पण नोंदणीकृत केंद्रातच, बाईच्या समजून-उमजून दिलेल्या लेखी संमतीने, आणि लिंग सांगायला पूर्ण बंदी ठेवून. मुंबईतली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था या कामातली जुनी, अनुभवी जागा आहे. पुढे काय करायचं तो निर्णय जोडप्याचा. आपण माहिती द्यायची, ढकलायचं नाही.

नमुना घेताना काळजी घ्या. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, दोन-तीन मिली रक्त. हिरव्या टोपणाची हिपॅरिनची नळी चालत नाही. भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, हलवून घुसळू नका. नाव, वय, तारीख पेशंटसमोरच नळीवर लिहा, कारण एका कुटुंबातल्या पाच नळ्यांत तीन वसावे आडनावाच्या असतात. फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेल्या नळीचं काय होत असेल याचा विचार करा आणि बर्फाच्या पाकिटांचा डबा वापरा.

बाकीच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. खोकल्याच्या पेशंटचा बेडका सीबीनॅटला (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावर) पाठवता, तीही जनुकीय तपासणीच आहे, फक्त माणसाची नाही, जंतूची. दोनेक तासांत टीबी आहे का आणि त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं. ती मागायला अजिबात संकोच नको. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विन देण्याआधी जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर या औषधाने पेशी फुटतात) बघा, पण तिथे एन्झाइमची चाचणी पुरते. रक्तपेशी फुटत असताना ती खोटी नॉर्मल येऊ शकते. तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या मुली घाबरून येतात. तपासणी आधी आजारी बाईची करा, तिच्यात बीआरसीए या जनुकाचा (ज्यातल्या बदलाने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) बदल सापडला तरच मुलींची. रिपोर्टवर "अर्थ अनिश्चित" असा शेरा असेल तर त्यावरून कुणाचं ऑपरेशन ठरवू नका. थुंकीवरून आहार आणि स्वभाव सांगणाऱ्या पॅकेजवर पेशंटचे पैसे घालवू नका, माझं मत स्पष्ट आहे.

रिपोर्ट हातात आला की तो ज्याचा आहे त्यालाच द्या. आश्रमशाळेत पॉझिटिव्ह मुलींची नावं सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याचं मी ऐकलं, तेव्हापासून शिबिरात मी यादी माझ्याच पिशवीत ठेवते आणि एकेकीला आत बोलावते. वाहक म्हणजे आजारी नाही, तिला औषध लागत नाही, लग्नाला अडचण नाही. फक्त होणाऱ्या नवऱ्याची तपासणी लग्नाआधी व्हावी. आमच्याकडे होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो आणि पुढे लग्नांचा हंगाम सुरू होतो, म्हणून हे बोलणं दिवाळीच्या आसपासच काढावं लागतं.

रुग्ण निघालेल्या मुलाचं काम त्याच दिवशी सुरू करा: फॉलिक ॲसिड, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस, आणि गरजेप्रमाणे एफ वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया, त्यासोबत ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि ताप आला की लगेच दवाखाना, हे आईकडून परत वदवून घ्या. घरातली अर्धी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. त्याआधी भावंडांची एचपीएलसी उरकून घ्या, रिपोर्टचा फोटो आई-बापाच्या मोबाईलमध्ये टाकून द्या आणि औषधं हंगामभर पुरतील एवढी सोबत बांधून द्या.