चेहरा रेखाटताना संगणकाकडून चुका कशा तपासून घ्याव्यात

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील डॅनियल डिक्सन, मनोज प्रसाद आणि ट्रेसी हॅमंड यांनी 2010 साली ‘आयकॅनड्रॉ’ ही प्रणाली मांडली. छायाचित्रातील चेहरा आणि शिकणाऱ्याने काढलेल्या रेषा या दोन्ही ओळखून ती टप्प्याटप्प्याने सूचना देते आणि चूक कुठे झाली ते दाखवते. रेष आधी शिकणाऱ्याने काढायची आणि दुरुस्ती मागाहून यायची, हे मला तिचे मर्म वाटते. चित्रे काढण्याच्या ‘क्रिता’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाच क्रम आपल्याला स्वतः पाळता येतो.

समोरून काढलेले, नाकाडोळ्यांच्या कडा स्पष्ट दिसणारे एक छायाचित्र निवडावे. ते स्वतंत्र लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या पारदर्शक थरावर, आणून लपवावे आणि त्याचीच दुसरी प्रत ‘रेफरन्स इमेजेस’ या साधनाने कॅनव्हासशेजारी ठेवावी. आता वेगळ्या लेयरवर, केवळ पाहून, डोक्याचा आकार, डोळे, नाक आणि ओठ यांच्या बाह्यरेषा काढाव्यात. छायाचित्र खाली ठेवून गिरवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण गिरवताना हात चालतो, पण नजर अंतरे मोजायला शिकत नाही.

बाह्यरेषा पूर्ण झाल्यावर लपवलेला लेयर उघडून त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, चाळीस टक्क्यांच्या आसपास आणावी. चित्र लहानमोठे झाले असेल, तर कंट्रोल आणि टी दाबून छायाचित्राचा आकार त्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण न बदलता असा जुळवावा की दोन्हींतली टाळू, म्हणजे डोक्याचा माथा, आणि हनुवटी एकमेकांवर येतील. हे केले नाही, तर प्रत्येकच रेष चुकलेली दिसते आणि प्रमाणाची खरी चूक त्यात हरवते. मग तिसऱ्या लेयरवर लाल रंगाने, चुकलेल्या बिंदूपासून योग्य जागेकडे जाणारे बाण काढावेत.

नवशिक्यांच्या चित्रात डोळ्यांजवळचे बाण बहुधा खाली वळलेले आढळतात. डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात, पण केसांखालचा भाग आपण हिशेबातच धरत नाही आणि कपाळ आखूड करून टाकतो. अशा वेळी पापण्या सुधारत बसू नये. आधी डोळ्यांची आडवी रेषा खाली आणावी, म्हणजे नाक आणि ओठांसाठी उरलेली जागाही आपोआप बदलते.

यानंतर छायाचित्र पुन्हा लपवावे आणि बाण पाहून तोच चेहरा नव्या लेयरवर काढावा. मधूनच एम हे बटण दाबून चित्र आरशातल्यासारखे उलटे पाहावे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर गेला असेल, तर तो तेव्हा चटकन नजरेत भरतो. बाणांचा लेयर मात्र पुसू नये, कारण पुढच्या चेहऱ्याच्या वेळी तो शेजारी उघडला की आपला हात नेहमी कोणत्या दिशेला चुकतो ते त्यावरूनच कळते.