या चुका टाळा: गोव्यात विजेची गाडी घेतलीत, तर आधी घराचं अर्थिंग बघा

मे महिन्यातली रात्र होती. साडेदहाला गाडी चार्जला लावली आणि पाच मिनिटांत चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. बॅटरी 22 टक्के आणि सकाळी डिचोलीहून मडगाव गाठायचं होतं. गाडीच बिघडली असं धरून मी तासभर फोनवर घालवला. आई सोप्यावर बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिने विचारलं, "मागच्या खड्ड्यात पाणी घातलं होतंस का रे? तुझे बाबा दर उन्हाळ्यात दोन कळशा ओतायचे."

खड्डा म्हणजे अर्थिंगचा खड्डा, जिथे घरातली गळालेली वीज वायरने जमिनीत सोडली जाते. घराच्या मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडाजवळ. मल्टिमीटर आणून सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं, तर 38. ते पाचच्या आत असायला हवं. अंधारात टॉर्च धरून चार बादल्या पाणी खड्ड्यात ओतलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं: 4. चार्जर लावला, हिरवा दिवा. सकाळी गाडी भरलेली होती.

तेव्हापासून नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींत दोष गाडीत नसतो, घराच्या भिंतीत आणि जमिनीत असतो. मिक्सर, फ्रीज, टीव्ही अर्थिंगशिवायही चालतात, म्हणून वीस-वीस वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थ तपासतो आणि तो नीट नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. तो नकार म्हणजे बिघाड नव्हे. घराने इतकी वर्षं लपवलेली गोष्ट तो सांगतो आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक येतो, कारण आपली जमीन चिऱ्याची. जांभा दगड पावसाळ्यात पाणी पितो आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत सुकतो. वीज जमिनीत मुरायला ओल लागते, कोरडा चिरा तिला अडवतो. आमच्या खड्ड्याजवळून पूर्वी धुण्याचं पाणी वाहायचं, त्यामुळे तो बारा महिने ओला असे. नवं न्हाणीघर बांधलं, पाणी पाइपने शोषखड्ड्यात गेलं आणि अर्थिंगचा खड्डा तहानलेला राहिला. हे घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

न्यूट्रल आणि अर्थ कधीही जोडू नका

सगळ्या चुकांत मला भीती वाटते ती हिची. दुसऱ्या दिवशी एक वायरमन आला. त्याने पिन टॉप (चार्जरचा प्लग) उघडला, वितभर वायरचा तुकडा काढला आणि म्हणाला, "सर, दोन मिनिटांचं काम. न्यूट्रल अर्थला जोडतो, चार्जर गप बसेल." चार्जर खरोखरच गप बसतो. न्यूट्रललाच तो अर्थ समजतो आणि हिरवा दिवा लागतो.

पण पुढे काय होऊ शकतं ते बघा. वाऱ्यापावसात माड लाइनवर पडला आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर घरातल्या दिव्यापंख्यांतून आलेली वीज न्यूट्रलवरून त्या तुकड्यात शिरेल आणि अर्थच्या वायरने थेट गाडीच्या पत्र्यावर पोहोचेल. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कुणी गाडीचं दार उघडलं की संपलं. त्यात भर म्हणजे असा तुकडा असला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारं उपकरण, सारखं पडतं, मग त्रास नको म्हणून तेही काढून टाकलं जातं. जीव वाचवणारी शेवटची गोष्टही गेली. मी त्या वायरमनला नको म्हटलं. तुम्हीही म्हणा, आणि आधीच कुणी असं करून गेलं असेल तर आजच पिन टॉप उघडून बघा.

खरा उपाय दोन दिवसांचा असतो. गाडीसाठी वेगळं अर्थिंग घ्या. जागा निवडताना चिऱ्याचा पृष्ठभाग टाळा आणि माती सापडेल तिथे जा. आम्ही विहिरीजवळ केळीच्या बुंध्यापाशी घेतलं, तिथे भर उन्हाळ्यातही ओल असते. तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची भरण आणि तिथून मुख्य बोर्डापर्यंत कुठेही सांधा नसलेली सलग वायर. जुन्या पद्धतीचं कोळसा-मीठ घालू नका. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मीठ काही वर्षांत वाहून जातं आणि जाताना लोखंडी पाइप कुजवून जातं. खड्ड्यावर झाकण ठेवा, पाणी ओतायला नळीचं तोंड वर काढा आणि गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्याला एक बादली घाला.

सॉकेट: गिझरचा नियम इथे चालत नाही

"पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे की, गिझर चालतो त्यावर." हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. गिझर पंधरा मिनिटं चालतो. 3.3 किलोवॉटने चार्ज होणारी गाडी 14 अँपिअरच्या आसपास वीज सलग आठ-नऊ तास ओढते. सैल झालेल्या सॉकेटमध्ये तेवढ्या वेळात पिन तापते, तापली की पितळी पट्टी आणखी सैल होते आणि मग अधिक तापते.

माझ्या चुलतभावाच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं. पिन टॉप बाहेर काढला तर एका पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी होऊन पापडासारखं फुगलं होतं आणि मासळी करपल्यासारखा वास येत होता. सॉकेटच्या आतली पट्टी काळीनिळी. गाडी रोज व्यवस्थित चार्ज होत होती, त्यामुळे कुणी बघितलंच नव्हतं. अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर काय झालं असतं, ते मला लिहावंसं वाटत नाही.

म्हणून मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन ओढा. 16 अँपिअरसाठी 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि साध्या सॉकेटऐवजी निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट. 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवणार असाल तर तो 32 अँपिअरपर्यंत जातो, मग वायर 6 चौरस मिलिमीटरची हवी. त्याआधी बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा आणि कमी असेल तर वीज खात्याकडे वाढवून मागा. विहिरीच्या पंपाच्या लाइनवर गाडी लावू नका. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको.

पहिल्या आठवड्यात एक सवय लावून घ्या: चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने पिन टॉपला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

पावसाची भीती चुकीच्या जागी असते

पावसात गाडी चार्ज करायला लोक घाबरतात. ती भीती नको. गन, म्हणजे चार्जरच्या वायरीचं गाडीत बसणारं टोक, पूर्ण बसून चार्जर आणि गाडी यांचं बोलणं झाल्याशिवाय त्यात वीज येतच नाही, आणि जोड पाण्यापासून बंद केलेला असतो. जपायचं ते भिंतीवरचं सॉकेट. सोप्याच्या कडेला लावलं तर जुलैची आडवी झड थेट आत जाते. ते आत घ्या, झाकणाच्या पेटीत ठेवा. गन जमिनीवर टाकू नका, खुंटीला लटकवा. आमच्या गनच्या तोंडात एकदा लाल मुंग्यांनी घर केलं होतं, तेव्हापासून टोपी लावल्याशिवाय ती ठेवत नाही.

घाबरायचं ते विजांना. मेअखेर आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बोर्डात सर्ज प्रोटेक्शनचं उपकरण बसवून घ्या. लाइट गेली आणि आली तर लगेच गाडी लावू नका, दहा मिनिटं व्होल्टेज स्थिर होऊ द्या. गावाकडे संध्याकाळी सगळीकडे पंप आणि एसी चालू असतात, तेव्हा व्होल्टेज उतरतं आणि चार्जिंग मध्येच थांबतं. गाडीतच वेळ लावायची सोय असते, मध्यरात्रीनंतरची लावा.

रस्त्यावरच्या पाण्याबद्दल मात्र सावध राहा. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ प्रयोगशाळेत एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास ती तग धरते, एवढाच. खाजनातल्या बांधावरचा रस्ता भरतीला भरतो तेव्हा ते पाणी खारं असतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकांखाली येतं तेही खारं. 2022 साली अमेरिकेत फ्लोरिडात इयान वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. दिवाडी, चोडण अशा बेटांवर रोज ये-जा असेल तर आठवड्यातून एकदा गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा झोत जोडांवर आणि नारिंगी वायरींवर मारू नका. गाडी खाऱ्या पाण्यात बुडालीच, तर ती सुरू करू नका, चार्जला लावू नका, घरापासून दूर उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवा. पुळणीवर गाडी नेणं तर गोव्यात गुन्हाच आहे.

आणि माडाखाली गाडी लावू नका. काचेच्या छपराची असेल तर नक्कीच नाही.

रोज 100 टक्के कशासाठी?

उत्तर-दक्षिण गोवा 105 किलोमीटर लांब आहे. म्हापसा-पणजी रोज करणाऱ्याला दिवसाला तीसेक किलोमीटर पुरतात. तरी लोक दर रात्री पूर्ण भरतात. तुमची लिथियम बॅटरी एनएमसी की एलएफपी, कोणत्या जातीची आहे ते आधी विचारून घ्या. एनएमसी असेल तर रोजच्याला 80 टक्के पुरे, पूर्ण भरून उन्हात उभी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. एलएफपी असेल तर उलट, पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने तिला 100 पर्यंत नेणं गरजेचं असतं. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती उरलंय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की तो ताळ्यावर येतो. "20 टक्के दाखवत होती आणि एकदम 9 वर आली" ही तक्रार बरेचदा इथूनच येते.

सार्वजनिक फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांना गाडी काढा. पुढच्या वीस टक्क्यांना बऱ्याच गाड्यांत जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि डिसेंबरअखेर तुमच्या मागे रांग असते. तिथे पाच टक्के घेऊन पोहोचू नका. एखादा चार्जर बंद निघालाच, तर पुढचा गाठण्यापुरतं हातात असावं.

घाटाचं गणित

बेळगावला चोर्ल्यातून जाताना नवे चालक हमखास घाबरतात. साखळी, केरी सोडली की चढ लागतो आणि टक्के डोळ्यांसमोर घसरतात. साधा हिशोब आहे. माणसांसकट 1,800 किलोची गाडी 700 मीटर वर न्यायला साडेतीन युनिटं लागतात, मोटरमधली घट धरून चार. 30 युनिटांची बॅटरी असेल तर तेरा-चौदा टक्के, आणि हे सपाट रस्त्याच्या खर्चावर वेगळे. म्हणजे गाडीत दोष नाही, घाट तुम्ही हिशोबात धरला नाहीत एवढंच. उतरताना त्यातला बराच भाग रीजनने, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यातून, परत येतो.

पण त्यात एक मेख आहे. घाटमाथ्यावर गाडी 100 टक्के भरून उतरायला सुरुवात केलीत, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. रीजन जवळजवळ बंद पडतं आणि रोज ॲक्सिलरेटर सोडला की थांबणारी गाडी अचानक पुढे सरकत राहते. आंबोलीत, चोर्ल्यात धुक्यात हे झालं तर पोटात गोळा येतो. वर थांबून चार्ज करायचंच असेल तर 85च्या पुढे नेऊ नका.

पर्वरीच्या कोंडीत एसी चालू ठेवायला मात्र बिनधास्त राहा. एका तासाला साधारण एक युनिट जातं, सात-आठ किलोमीटरचं अंतर.

ब्रेक आणि उभी गाडी

रीजनमुळे ब्रेक वापरलेच जात नाहीत, आणि इथल्या खाऱ्या दमट हवेत डिस्कवर दोन रात्रींत तांबडा थर चढतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, रीजन सर्वांत कमी ठेवून जोरात पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. खरखर आवाज येतो, मग थांबतो.

आपल्याकडे घरोघरी कुणीतरी जहाजावर किंवा आखातात असतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. मोठ्या बॅटरीकडे सगळे लक्ष देतात, पण दगा देते ती 12 व्होल्टची लहान बॅटरी. ती उतरली की रिमोटने दारसुद्धा उघडत नाही, मोठी भरलेली असली तरी. आमच्या शेजारचा मुलगा सहा महिने जहाजावर असतो. जाताना गाडी 55 टक्क्यांवर ठेवतो, प्लग काढतो आणि चावी भावाकडे देतो. भाऊ दर पंधरवड्याला तिच्यातून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊन येतो.