ती ओळ आधी तिथे आली कशी?

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना डेटाबेस म्हणजे माझ्यासाठी नॉर्मल फॉर्म आणि जॉइन, बस्स. रेप्लिकेशनशी, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर उतरवत राहण्याशी, गाठ पडली ती पणजीत, पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत. काम हॉटेल बुकिंगचं. गोव्यात अशा सर्व्हरला हात लावायचा तो पावसाळ्यातच. ऑक्टोबर उजाडला की कुणी जवळ फिरकू देत नाही. चवथीच्या आत आम्हाला पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती १३ वरून १६ वर जायचं होतं.

बुकिंग तासन्‌तास बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे ओळीओळीने बदल पाठवणं. ही सोय २०१७ मध्ये, १० व्या आवृत्तीबरोबर आली. दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तरी चालतं. जुना सर्व्हर पब्लिशर (बदल पाठवणारा), नवा सबस्क्रायबर (घेणारा). दोन्ही जुळले की ॲप नव्याकडे वळवायचं. मात्र टेबलांच्या रचनेतले बदल आणि सिक्वेन्सचे (पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीचे) आकडे यातून पलीकडे जात नाहीत. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असून फसले.

नवा सर्व्हर चालतोय का बघावं म्हणून संध्याकाळी मी त्यावर एक खोटं बुकिंग टाकलं. ते अडलं. सिक्वेन्स १ वर, आणि १ नंबरचं बुकिंग तर कॉपी होऊन आधीच बसलेलं. मग मी सिक्वेन्स शेवटच्या नंबरावर नेऊन ठेवला, बुकिंग झालं, आणि खुशीत म्हापशाची बस पकडली. थोड्या वेळाने जुन्या सर्व्हरवर खरं बुकिंग आलं. त्याला तोच पुढचा नंबर मिळाला.

सकाळी लॉग 'डुप्लिकेट की'ने (तोच नंबर दुसऱ्यांदा) भरलेला. अशा वेळी नव्या सर्व्हरवर बदल उतरवणारा अप्लाय वर्कर पडतो, काही सेकंदांनी उठतो, तीच ओळ (इथे ते खरं बुकिंग) घालायला जातो आणि पुन्हा पडतो. तोवर रेप्लिकेशन स्लॉट (सबस्क्रायबर कुठवर पोचला ती खूण) जुन्या सर्व्हरला वॉल फाइली (बदलांची नोंदवही) पुसू देत नाही. म्हणजे भांडण नव्या घरात आणि डिस्क भरते चालत्या सर्व्हरची! तो आकडा चढताना बघून माझा धीर सुटला, आणि मी स्किप मारलं.

१५ व्या आवृत्तीपासून 'अल्टर सबस्क्रिप्शन'ला लॉगमधला एलएसएन (वॉलमधल्या जागेचा आकडा) देऊन स्किप करता येतं. पण त्याने एक ओळ नाही, आख्खं ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे एकत्र झालेले सगळे बदल, सुटतं. माझ्या त्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये पेमेंटची ओळही होती. पुढे पाहुण्याने तारीख बदलली, बुकिंगचा अपडेट आला आणि माझ्या खोट्या ओळीवर बसला. अपडेटबरोबर जवळजवळ पूर्ण नवी ओळ येते, त्यामुळे बुकिंग अगदी खरं दिसायला लागलं. पेमेंटचाही अपडेट आला, पण ती ओळच नव्हती. वर्करने तो मुकाट सोडून दिला. नेहमीच्या लॉगमध्ये १६ वी आवृत्ती याबद्दल चकार शब्द काढत नाही. बुकिंगची संख्या दोन्हीकडे जुळत होती. पेमेंटची मोजली तेव्हा एक कमी निघाली.

आमच्या सीनियरना सगळे भाई म्हणतात. त्यांनी एकच विचारलं, "ती ओळ आधी तिथे आली कशी?" हा प्रश्न मी सकाळीच स्वतःला विचारला असता तर खोटी ओळ डिलीट करून काम भागलं असतं, वर्कर आपला आपण पुढे गेला असता. आता बुकिंग आणि पेमेंट ही दोन्ही टेबलं पब्लिकेशनमधून (पाठवायच्या टेबलांच्या यादीतून) काढली, नव्या सर्व्हरवर सबस्क्रिप्शन रिफ्रेश केलं, तिथली टेबलं ट्रंकेट (रिकामी) करून परत यादीत घातली, पुन्हा रिफ्रेश, आणि कॉपी संपेपर्यंत चहा.

तुमच्यावर हे काम आलं तर ॲप वळवायची वेळ येईपर्यंत नव्या सर्व्हरवर त्याला लॉगिनच देऊ नका. तपासणीसाठी वेगळी कॉपी करा. 'डिसेबल ऑन एरर' चालू ठेवा, म्हणजे वर्कर पडत-उठत न राहता एकदाच थांबतो. पण वॉल साठतंच, तेव्हा डिस्कचा अलार्म हवाच. वॉलची मर्यादा घालायचा पर्याय १३ पासून आहे, मला तो इथे आवडत नाही: मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी, आणि सगळी कॉपी पहिल्यापासून. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नसलेली टेबलं आधी शोधा. रेप्लिका आयडेंटिटी (पलीकडे ओळ ओळखायची खूण) नसेल तर पब्लिकेशनमध्ये घातल्यावर जुन्या सर्व्हरवरच अपडेट आणि डिलीट एरर देतात.

ॲप वळवायच्या रात्री जुन्या सर्व्हरवर लिहिणं थांबवलं, टेबलवार संख्या आणि रकमांच्या बेरजा ताडून पाहिल्या, आणि सगळे सिक्वेन्स हजाराने पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधून फोन आला: मधले हजार बुकिंग नंबर कुठे गेले?