नवा पार्ट टाकल्यावर पीसी बंद पडतोय? आधी हे तपासा

नवी रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पीसी बंद पडू लागला, की लगेच विंडोज नव्याने टाकायची घाई होते. जरा थांबा. पीसी पडतो कसा, ते आधी बघा. निळी स्क्रीन येऊन पडत असेल तर संशय रॅमवर किंवा ड्रायव्हरवर. काही न दाखवता लाईट गेल्यासारखा खटकन बंद होत असेल तर वीज किंवा उष्णता. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढंच सांगते, की पीसी नीट बंद झाला नव्हता. तिच्या भरवशावर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, विकत आणू नका.

मग नवा पार्ट काढून जुन्या जोडणीवर दिवसभर काम करा. तरीही पडला तर बसवताना एखादी वायर ढिली झालेली असू शकते, बहुतेकदा मदरबोर्डची २४ पिन किंवा प्रोसेसरजवळची ८ पिन.

रॅम असेल तर चार स्लॉटच्या बोर्डावर दोन काड्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बहुतेक बोर्डांना हीच जोडी लागते. दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज आला पाहिजे. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करा. डीडीआर४ रॅम मूळ १.२ व्होल्टवर चालते, एक्सएमपीत सहसा १.३५ वर, जुनी-नवी काडी मिसळली की तो वेग बऱ्याचदा झेपत नाही. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही पास (फेऱ्या) होऊ द्या, रात्रभर लागले तरी चालेल. एक जरी एरर आली तरी एकेक काडी वेगळी तपासा.

ग्राफिक्स कार्डाचं दुखणं जास्त करून विजेचं. कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. दोन ८ पिन असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन टोकं नकोत. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून गेम चालवा. आता पडत नसेल तर बहुधा एसएमपीएस कमी पडतोय. उलट निळ्या स्क्रीनवर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ दिसत असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका.

यूपीएसकडे मात्र कुणी बघत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा जेमतेम ३६० वॅट देतो. नव्या कार्डासकट पीसी त्यावर गेला, की लाईट जाताच दोघेही झोपतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, तेही बघा.

सोलापुरात आणखी एक भानगड आहे. यंत्रमागाच्या आसपास घर किंवा दुकान असेल तर चादर-टॉवेलच्या सुताचे तंतू हिटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) साचतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण चार स्क्रू काढून उचललात तर खाली पट्ट्यांवर वाकळेसारखा थर असतो. त्यात नवं कार्ड कॅबिनेटमध्ये गरम हवा सोडतं आणि मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश! ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं. पंखा काढायला प्रोसेसरवरून हिटसिंकच उचलावा लागला, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.